कालचा चेहरा

माघातलं ऊन. कोवळं, केशरी, किंचित आळसावलेलं. कला महाविद्यालयाच्या पूर्वेकडच्या उंच खिडक्यांतून ते चित्रशाळेत उतरतं, फरशीवरच्या वर्षानुवर्षांच्या रंगडागांवर रेंगाळतं, आणि मधोमध ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसतं. बाहेर पांगारा फुललाय. पान एक नाही अंगावर, नुसती रक्तवर्ण, रसरशीत, निलाजरी फुलं.

कलासप्ताहाचा दुसरा दिवस. पाहुणे चित्रकार निमकर सर सगळ्यांसमोर व्यक्तिचित्र रंगवताहेत, आणि खुर्चीत बसायचा मान शेवंताबाईंचा. फाटकाशी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या शेवंताबाईंचा. काल त्या बसल्या तेव्हा अख्खी चित्रशाळा श्वास रोखून बघत होती. ताम्रवर्ण कपाळ, गालांवर सुरकुत्यांचं सूक्ष्म, सुरेख जाळं, आणि त्या जाळ्यातून अलगद निथळणारा प्रकाश. चित्र अर्धं झालं आणि ऊन सरलं.

इथली रीत अशी, की दिवसाचा कार्यक्रम संपला की दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्यावर आस्वाद लिहायचा आणि नाव न घालता व्हरांड्यातल्या फलकावर लावायचा. कालचा नीरजाने लिहिला. आणि काय लिहिला म्हणता! ‘हा चेहरा म्हणजे दुष्काळाने भेगाळलेली भूमी. या नेत्रांच्या शुष्क विहिरींत काळ बुडून मेला आहे. सौंदर्याने त्यागलेलं हे भग्न, भकास, भयाण देवालय.’ तीन भ एका ओळीत साधले म्हणून बाईसाहेब स्वतःवरच खूश! निमकर सरांनी पाठ थोपटली, मैत्रिणींनी फोटो काढले. ज्या बाईविषयी लिहिलं, ती रोज त्याच व्हरांड्यातून पाटी घेऊन जाते आणि चौथीपर्यंत शिकली आहे, एवढं मात्र नीरजाच्या डोक्यात आलं नाही.

आज शेवंताबाई आल्या.

आल्या, आणि चित्रशाळेतल्या सगळ्या माना वळल्या. तोंडभर पावडर. पांढरीफटक, पिठासारखी, सुरकुत्यासुरकुत्यांत दाबून बसवलेली. डोळ्यांत काजळ, एका बाजूला जरा ओघळलेलं. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, अंगावर सुनेचं असावं असं गुलाबी लुगडं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवंताबाईंनी ते ऐकलं, पदर सावरला, आणि खुर्चीत ताठ बसल्या.

निमकर सरांचा कुंचला हातातच राहिला. “मावशी, हे काय? मला कालचाच चेहरा हवा होता.”

“त्यो काय बघायचा, सर?” शेवंताबाई खाली बघत म्हणाल्या. “भाईर लिवलंय की समदं. म्हनलं, जरा नीट होऊन जावं.”

नीरजाच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. लाज म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं.

आणि नशीब बघा, सरांनी हाक मारली ती तिलाच. “नीरजा, मावशींना जरा तोंड पुसून दे. हळू हं.”

तिने वाटीत पाणी आणलं. मऊ फडका भिजवला, पिळला. चित्रशाळेच्या कोपऱ्यात, पडद्याआड, तिने तो शेवंताबाईंच्या कपाळावर टेकवला. पावडर पाझरू लागली, पाणी पांढुरकं झालं, आणि फडक्याखालून ते ताम्रवर्ण, तेजाळ, तृप्त कपाळ पुन्हा उगवलं. किती देखणं होतं ते! भेग नव्हती, भूमी नव्हती, भयाण तर काहीच नव्हतं. ऊब होती. बोटांना लागत होती.

“हात मऊ हाय गं पोरी तुझा,” शेवंताबाई डोळे मिटून म्हणाल्या. “ज्यानं लिवलं त्याचा राग न्हाई मला. घरात आरसा तळव्याएवढा. कुंकवापुरतं बघायचं. असं समदं तोंड एकदम कुनी दावलंच न्हवतं.”

फडका थांबला. नीरजाला वाटलं, गप्प बसावं. कोण सांगतंय? कुणाला कळतंय? पण हाताखाली ती ऊब होती, आणि तिला राहवलं नाही.

“मावशी, ते मी लिहिलंय.”

शेवंताबाईंनी डोळे उघडले. नीरजाच्या हातातून फडका काढून घेतला आणि उरलेला गाल स्वतःच पुसला.

मग त्या खुर्चीत जाऊन बसल्या. ऊन अंगावर आलं, कुंचला रंगात बुडाला, पण पापण्या मिटलेल्याच.

“मावशी, डोळे उघडा ना,” सर म्हणाले.

“उघडते. त्या पोरीला तेवढं दुसरीकडं बसवा.”

कोणती पोर, ते सगळ्यांना ठाऊक होतं. नीरजा उठली, आपला चित्रफलक उचलला, सगळ्यांच्या नजरांतून वाट काढत गेली, आणि शेवंताबाईंच्या पाठीमागे, भिंतीशी बसली. समोर चाळीस चेहरे उजळले होते. शेवंताबाईंनी डोळे उघडले असणार. तिला दिसत होती फक्त वाकलेली मान, आणि मानेच्या वळीत पुसायची राहून गेलेली पावडरीची एक पांढरी, पुसट रेघ. हात पुढे केला असता तर सहज पोचला असता. तिने तो मांडीवरच ठेवला.