उघड्या डोळ्यांचा फोटो

खाणीचा मुकादम माझ्या कारखान्यात आला, टोपी काढली आणि म्हणाला, "वहिनी गेल्या."

मी खड्याला पैलू पाडत होतो. चाकावरून नजर न काढता म्हणालो, "ती रोजच जाते. जेवायला येईल."

तो हलला नाही, तेव्हा मी चाक बंद केलं. खाणीच्या तोंडाशी फोटो काढता काढता तिचं हृदय थांबलं होतं. पडताना तिने कॅमेरा छातीशी धरला. त्याला ओरखडाही नव्हता. पंचवीस वर्षांत मला तिने इतकं जपल्याचं आठवत नाही.

आमचं गाव जमिनीखाली लाल खडे शोधतं. बायको त्या लोकांचे फोटो काढायची. चिखलात बरबटलेले, चाळणीवर वाकलेले, भांडणारे. खडा सापडलेल्याच्या वाटेला ती जात नसे. तेव्हा माणूस तोंड फार वेडंवाकडं करतो, असं तिचं मत.

अडचण एकच. अंधारातून वर आलेला माणूस उन्हात डोळे मिटतो. तिच्या फोटोत मात्र सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. कसं जमतं विचारलं, तर तुम्ही तुमचे खडे घासा, म्हणायची.

आठवड्याने मुकादम परत आला. खाण आटली होती, उद्या बुजवणार होते आणि नऊ जणांची टोळी नऊ दिशांना जाणार होती. एकत्र फोटो काढून द्यायचं तिने त्यांना कबूल केलं होतं. मग कॅमेरा गळ्यात अडकवून मीच गेलो.

चार फोटो काढले. चारही वेळा नऊ जण डोळे मिटून ओळीत. बायकोऐवजी हेच गेल्यासारखे.

ती काय करायची, ते मी विचारलं. सगळे बुटांकडे बघू लागले. सोडा ना भाऊ, म्हणाले. मी सोडलं नाही. शेवटी मुकादम कान खाजवत म्हणाला, "वहिनी म्हणायच्या, मिटा डोळे. आमचे हे झोपेत काय बडबडतात, सांगू? की आमचे डोळे उघडलेच. फोटो झाला की म्हणायच्या, पुढच्या वेळी. अकरा वर्षं वाट बघतोय आम्ही."

म्हणजे अख्ख्या खाणीत माझी झोप गाजत होती आणि मी बाजारातून ताठ मानेने हिंडत होतो. मला राग आला. पण उद्या खाण बुजणार होती.

कॅमेरा डोळ्याला लावून मी म्हणालो, "मिटा डोळे. मी झोपेत काय बडबडतो, सांगू?"

अठरा डोळे उघडले. ते ऐकायला थांबले होते. आणि मी काय बडबडतो, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेलं माणूस एकच होतं. माझं बोट बटणावर तसंच राहिलं. डोळे पुन्हा मिटले, तेव्हा मुकादमाने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि मला घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी खाण बुजवली. टोळी पांगली. तिने कबूल केलेला फोटो काढायचा राहिला आहे.