एक पायरी कमी

थोरलीने आपल्या धाकट्या जावेचं बरंच काही सोसलं होतं. तिचं खिदळणं, इस्त्री करताना गाणी म्हणणं, आल्या वर्षीच सासऱ्यांनी तिला लाँड्रीच्या काउंटरवर बसवणं. पण धाकटीच्या ब्लॉगला आपल्या दसपट वाचक मिळावेत, हे तिच्या घशाखाली उतरेना.

मुळात ब्लॉग ही कल्पना थोरलीची. सात वर्षांपूर्वी तिने ‘डागांची वही’ सुरू केली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीशेजारी उभी राहून, घामाने बोटं घसरत असताना तिने मोबाईलवर दोनशे अकरा डाग लिहिले. शाईचे, गंजाचे, ग्रीसचे, रक्ताचे. तेव्हा धाकटी लग्न होऊन यायची होती, आणि आली तेव्हा तिला कॉलर धड दुमडता येत नव्हती. आणि दोन वर्षांपूर्वी हिनेही ब्लॉग काढला, ‘कपड्यांशी गप्पा’.

“कपडे बोलतात होय गं तुझ्याशी?” थोरली म्हणाली होती.

“बोलतात ना, ताई. तुमच्या तक्रारी करतात.”

पहिलं वर्ष बरं गेलं, म्हणजे धाकटीचं काही चाललं नाही. मग गेल्या वर्षी ती ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या कुठल्याशा संमेलनाला गेली. बसलेला घसा आणि भरलेली वही घेऊन परतली, आणि तिथून जी सुटली ती सुटलीच. थोरली रोज सकाळी दात घासायच्या आधी धाकटीचा आकडा बघायची. बघितल्यावर चहा कडू लागायचा, तरी बघायची. एकदा तर खोट्या नावाचं खातं उघडून तिने खाली लिहिलं, ‘हे सगळं आधीच एका जाणकार बाईंनी लिहिलेलं आहे.’ पाच मिनिटांत धाकटीचं उत्तर आलं, ‘हो का? लिंक द्या ना, वाचायला आवडेल.’ लिंक द्यावी तर पकडलं जायची भीती, न द्यावी तर आपणच तोंडघशी. थोरलीने ते खातं बंद करून टाकलं.

मत्सराला लोक जळफळाट वगैरे म्हणतात, पण थोरलीचं काही भडकून जळत नव्हतं. ओला कपडा घडी घालून ठेवला की आतून कुबट होत जातो, तसं तिचं चाललं होतं.

या वर्षी त्या संमेलनात धाकटीला कार्यशाळा घ्यायला बोलावलं. ती म्हणाली, “ताई, चला की. तुमचं नाव मीच नोंदवते.” थोरलीला खात्री होती की ही बया आपल्याच वहीतून चोरते आणि तिखटमीठ लावून वाढते. ती चोरी चारचौघांत पकडायची, एवढ्यासाठी ती हो म्हणाली.

“जा, जा,” नवरा शर्टाला हँगर लावत म्हणाला. “निदान समोरासमोर जळशील. मोबाईलवर डोळे तरी खराब होणार नाहीत.”

संमेलनाचा हॉल मोठा होता आणि एसी नको तितका गार. दारात प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवत होते. थोरलीच्या पट्टीवर ‘डागांची वही’ आणि खाली ‘प्रथमच सहभागी’. धाकटीच्या पट्टीला लाल फीत, त्यावर ‘वक्ता’. सात वर्षं लिहून आपण प्रथमच, आणि ही वक्ता. थोरलीने आपली पट्टी उलटी फिरवली, कोरी बाजू पुढे.

धाकटीला जागोजागी लोक थांबवत होते. कुणी फोटो काढत होतं, कुणी मिठी मारत होतं. ती प्रत्येकाला सांगत होती, “या आमच्या मोठ्या जाऊबाई. मी यांच्याकडूनच शिकले.” आणि प्रत्येक जण थोरलीकडे बघून हसत होता, लग्नात करवलीच्या आईकडे बघून हसतात तसं. यापेक्षा हिने माझी ओळखच करून दिली नसती तर बरं, असं थोरलीला वाटलं.

कार्यशाळेत सहा टेबलं होती. धाकटी माईकवर म्हणाली, “सोपं काम आहे. प्रत्येक टेबलावर दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट छापून ठेवली आहे, आणि सामान. पोस्टमध्ये लिहिलंय तेवढंच करायचं. आपली अक्कल वापरायची नाही.” लोक हसले. “गेल्या वर्षी इथेच माझी पोस्ट एका काकांनी करून बघितली. त्यांनी माझ्यासमोर स्वेटरचं पायपुसणं केलं. मी घरी जाऊन सगळ्या पोस्टी पुन्हा लिहिल्या.”

हे तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नव्हतं?

थोरलीच्या टेबलावर आणखी तिघं होती. त्यातली एक जाडजूड चष्म्याची बाई गच्चीतल्या बागेवर लिहायची. तिने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचलं, “बॉलपेनच्या शाईचा डाग.”

थोरलीची पोस्ट. सगळ्यात जास्त वाचलेली. आणि आता काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारण त्यात एक पायरी कमी होती. सासऱ्यांनी लाँड्रीचं काम शिकवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सगळं सांगून बसलीस तर दुकानात कोण येईल?” थोरलीने ते इतकं मनावर घेतलं की प्रत्येक डागातली एकेक पायरी ती गाळत आली. खोटं काही लिहिलं नाही. फक्त एक गोष्ट मुठीत ठेवली.

बागवाल्या बाईने जुन्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पेनाने रेघ ओढली, लिहिल्याप्रमाणे वरून स्पिरिट लावलं, पाच मिनिटं थांबली, टिपलं. शाई सुटली आणि पसरली. रेघेचा निळा तळहाताएवढा डाग झाला.

“बघा,” बाई हसत म्हणाली, पण हसू टिकलं नाही. “मी हे घरीही केलं होतं. मुलीच्या मुलाखतीचा शर्ट होता. म्हटलं, माझ्याच हाताला वळण नाही. बाई किती व्यवस्थित लिहितात, चुकलं असेल ते माझंच.”

थोरलीने कितीतरी वेळा लोकांच्या प्रतिक्रियांत हे वाचलं होतं, ‘मला जमलं नाही हो’. वाचून तिला उलट बरं वाटलं होतं. पण ते वाक्य चष्मा पुसता पुसता म्हणणारी बाई तिने कधी बघितली नव्हती.

आता गप्प राहिलं तर काही बिघडत नव्हतं, पट्टी उलटी होती. बोललं तर मूठ उघडणार, तीही धाकटीच्या देखत. आणि धाकटी नेमकी याच टेबलाकडे येत होती. ती वाकली, डाग बघितला आणि थोरलीकडे बघितलं.

थोरलीने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. “तुला ठाऊक होतं,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“अहो, चार वर्षं तुमच्या शेजारी उभी राहून डाग काढते मी.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“ते तुमचं आहे, ताई. मी कसं लिहिणार?”

ही चोर निघाली असती तर किती सोपं झालं असतं. लिहिण्यात सात वर्षांची थोरली आणि दोन वर्षांची धाकटी, यात मनाने कोण मोठं ठरलं हे दिसत होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. वाचक नेलेस ते नेलेस, आता मोठेपणाही तूच ने.

ती टेबलाशी परतली. बाही उचलून तिने उलटी केली, खाली कोऱ्या कापडाची जाड घडी ठेवली.

“डागाचं तोंड खाली करायचं,” ती म्हणाली. “स्पिरिट मागून लावायचं. डाग वर काढायचा नसतो, खालच्या कापडात उतरवायचा असतो. घडी निळी झाली की बदलायची. चार-पाच वेळा.”

तिने करून दाखवलं. घडी निळी झाली, बाही फिकट होत गेली. बागवाली बाई कधी बाहीकडे, कधी तिच्याकडे बघत होती.

“हे पोस्टमध्ये नाहीये.”

“नाहीये. मी लिहिलं नाही.” थोरलीने पट्टी सरळ केली.

बाईने पट्टी वाचली. चष्मा काढला, पुन्हा लावला. “विसरलात?”

“नाही.”

टेबलावरची बाकीची दोघं पुढे सरकली. बाईने विचारलं, “आणखी किती पोस्टी अशा आहेत?”

“सगळ्या.”

“दोनशेच्या दोनशे?”

“दोनशे अकरा.”

बाईने छापलेली पोस्ट टेबलावर आपटली. तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. मग पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. “मग बसा. गंजापासून सुरू करा. माझ्या सगळ्या कुंड्यांचे स्टँड लोखंडी आहेत.”

थोरली बसली. गंजात काय गाळलं होतं ते तिने सांगितलं, बाई लिहून घेऊ लागली. पलीकडच्या टेबलावरून एक जण उठून आला, मग आणखी दोघी. थोरलीने बोलता बोलता मान वर करून मोजलं. आपल्याभोवती सहा. तिकडे धाकटीभोवती वीस तरी असतील.

“थांबलात का?” बागवाली बाई म्हणाली. “लिंबू पिळल्यावर पुढे काय?”