तिसरं कडवं

मावशीला मशीनवर घड्याळ कधी लागलं नाही. उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं अंगाला जे पट्टे बांधून दोरावर लोंबकळतात, ते शिवायचा हा कारखाना. एका पट्ट्याला जोड पाच, मावशीच्या गीतालाही कडवी पाच. पहिल्या कडव्याला उजवा खांदा, दुसऱ्याला डावा, तिसऱ्याला पाठीवरची कडी, चौथ्या-पाचव्याला मांड्या. कडवं संपलं की जोड पक्का. सतरा वर्षं प्रभूचं नाव घेत तिचा पाय असा पायट्यावर चालला होता.

शेजारच्या मशीनवर मिरची. जीभच तशी. मावशीने शिवलेल्या पाठीच्या जोडावर चामड्याचं झाकण बसवायचं काम तिचं.

पावणेपाचला दोघी नळावर हात धूत होत्या. पाचला ट्रक सुटायचा होता. मिरची ओठातल्या ओठात मावशीचंच गीत गुणगुणत होती. मावशी हसली.

"दोन वर्षं माझ्या गाण्याला नावं ठेवलीस, आणि आता?"

"कानात घुसलंय मेलं, काय करू? पण आज तूच चुकलीस हं. माझं रडगाणं ऐकलंस आणि दुसऱ्यावरून टुणकन चौथ्यावर!"

मावशीच्या हातातला साबण निसटला.

दुपारचं सगळं डोळ्यांपुढे आलं. दुसरं कडवं संपता संपता मिरचीने विचारलं होतं, "मावशे, आई गेली. सहा वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते. तुझा येशू अशा पोरीला माफ करतो?" मावशीने पाय काढला, तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बाळा, उशीर झाला म्हणून त्याने कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही." तेवढ्यात सुपरवायझरच्या चपलांचा आवाज आला. मागच्याच आठवड्यात त्याने बजावलं होतं : गाणं चालेल, प्रवचन नाही, पुन्हा दिसलं तर मशीन सुटलं म्हणून समजा. मावशी घाईने वळली, पट्टा पुढे ओढला आणि गाऊ लागली. चौथं.

"पाठीची कडी," मावशी म्हणाली. "नुसत्या कच्च्या टाक्यावर आहे."

मिरचीचा चेहरा उतरला. "झाकण मी लावलं. डोळे भरून आले होते गं. बघितलंच नाही मी."

त्याच कडीला दोर अडकवतात. चाचणीला दहातला एक पट्टा जाई. बाकीचे झाकणाखाली सगळे सारखेच दिसत.

"दोरा तुटला होता म्हणून सांग," मिरची कुजबुजली. "पट्टा तर सापडेल ना? माझ्याशी बोलत होतीस हे कशाला सांगायचं?"

सोपं होतं. मावशीला क्षणभर पटलंही. मग तिने मिरचीकडे पाहिलं. काही तासांपूर्वी या पोरीने आपलं सगळ्यात जड दुखणं तिच्यापुढे उघडं केलं होतं. मावशीने ओले हात पदराला पुसले आणि ती निघाली.

ट्रकचं इंजिन सुरू होतं. सुपरवायझर कागदांवर सह्या करत होता.

"साहेब, गाडी थांबवा. दुपारच्या चाळीस पट्ट्यांत एक कच्चा गेलाय. माझ्या हातून."

"कसा काय?"

"मशीन थांबवून प्रभूविषयी बोलत होते. बोलताना एक जोड राहिला."

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. "वा! देव वर बोलवायची सोय करतोय म्हणा!"

मावशीचे कान तापले. सतरा वर्षं ज्याचं नाव मिरवलं, त्याचं आज तिच्यापायी हसं झालं. पण तिने मान खाली घातली नाही.

सुपरवायझर हसला नाही. त्याने इंजिन बंद करायला लावलं. "खोकी उतरवा."

दोघी जमिनीवर बसल्या. झाकण उसवायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं. दहा झाले. वीस झाले. सगळे पक्के. "मावशे, सापडला नाही तर?" मावशीने पुढचं झाकण उसवलं. तिला कुणीतरी एक माणूस दिसत होता, काचेकडे तोंड करून पाय हवेत सोडलेला.

एकतिसाव्या पट्ट्याचं झाकण उघडलं आणि मिरचीने हात झटकन मागे घेतला. पांढऱ्या दोऱ्याचे तीन ढिले टाके. मावशीने कडीत बोट घालून हिसका दिला. कडी सुटून हातात आली.

ड्रायव्हरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

सुपरवायझरने ती कडी तिच्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "उद्यापासून तुम्ही पॅकिंगला. मशीनला हात लावायचा नाही."

"बरं, साहेब."

"हा जोड मात्र तुम्हीच शिवा. माझ्यासमोर."

मावशी मशीनवर बसली. कडी जागेवर धरली, पाय पायट्यावर ठेवला. तोंड उघडलं, पण गळ्यातून आवाज फुटेना. गाण्याशिवाय किती शिवायचं हे तिच्या पायाला ठाऊकच नव्हतं. सुपरवायझर डोक्यावर उभा.

तेवढ्यात बाजूने बेसूर, फाटका आवाज आला.

"घसरला पाय माझा, धरिला तू हात..."

मिरची गात होती. सुपरवायझरकडे न बघता, डोळे पुसत, तिसरं कडवं.

मावशीचा पाय हलला. सुई धावू लागली. मिरचीने एकही ओळ गाळली नाही, आणि कडवं संपलं तेव्हा मावशीने पाय उचलला.