पहिला पाय कोणाचा?

थांबा, थांबा! असा लांबून वळसा घालायची काही गरज नाही. खुशाल माझ्याखालून जा. शिडीखालून गेलं की नशीब फिरतं, ही माणसांनी माझी उगाचच करून ठेवलेली बदनामी आहे. मी एक साधी लाकडी शिडी. घडीची, आठ पायऱ्यांची, शिकागोच्या सुतारांत आयुष्य काढलेली. उंची माझी बेताचीच, पण माझ्यावर पाय कोणी ठेवायचा यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी एखाद्या गादीच्या वारसांतही झाली नसतील.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पश्चिमेकडच्या डोंगरातलं सरळसोट लाकूड, त्याला लोखंडी बिजागऱ्या, आणि सगळ्यात वरच्या फळीवर लाल अक्षरांत चिकटवलेली सूचना : ‘यावर उभे राहू नये.’ तेव्हापासून मी माणसांची एक गंमत बघत आले आहे. ती सूचना वाचतात, मान डोलावतात आणि मग तिच्यावरच उभी राहतात.

मला पहिल्यांदा खांद्यावर घेतलं ते झिगीने. झिगमुंट मालेत्स्की हे त्याचं पूर्ण नाव, पण ते फक्त त्याची बायको हालिना रागावली की घ्यायची. तरणाबांड पोलिश सुतार, मिशी राखलेला, तोंडात सतत शिट्टी. शहराच्या तळ्याकाठी जो अजस्र प्रदर्शन-हॉल आहे, तिथे तो कामाला होता. या आठवड्यात तिथे होड्या, पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, त्याच्यानंतर चॉकलेटं. दुकानं उभी करायची, मोडायची, पुन्हा उभी करायची. जगातल्या सगळ्या धंद्यांची ओळख मला या हॉलमध्ये झाली, आणि सगळ्या धंद्यांतली माणसं सारखीच घायकुतीला येतात हेही तिथेच कळलं.

आता तिथले नियम. खिळा ठोकायचा तो सुताराने. वायर ओढायची ती वायरमनने. चाकं असलेलं जे काही असेल ते ढकलायचं ट्रकवाल्यांनी. प्रत्येकाची युनियन वेगळी, हद्द वेगळी. स्टॉलवाल्याने स्वतःचा छोटा स्टॉल हाताने मांडावा, टेबलावर चादर घालावी, फुलदाणी ठेवावी. पण हत्यार उचलायचं नाही आणि शिडीवर चढायचं नाही. एक दिव्याची पाटी टांगायची तर माझ्याभोवती तीन-तीन माणसं गोळा व्हायची आणि पहिला पाय कोणाचा यावर खल चालायचा. तोवर मी मधे पाय फाकवून उभी!

आमच्यात आणि वायरमन लोकांच्यात तर शिडीची उसनवारीसुद्धा चालायची नाही. थर्मन हा झिगीचा जिवलग मित्र, पण वायरमन. त्याची शिडी पिवळी, फायबरची, जरा नाक वर करून बोलणारी. जेवायच्या सुट्टीत हे दोघे एकाच डब्यातलं खायचे, पण काम सुरू झालं की थर्मन माझ्या पायरीला चुकून हातही लावायचा नाही.

स्टॉलवाले चिडायचे. का चिडू नयेत?

“अहो, एवढासा बल्ब! घरी मीच लावतो!”

“घरी पडलात तर बायको उचलेल,” झिगी म्हणायचा. “इथे पडलात तर मला उचलावं लागतं, आणि माझी कंबर काही तुमच्या बायकोइतकी भक्कम नाही.”

एक गाद्यांचा व्यापारी मात्र झिगीची नजर चुकवून माझ्यावर चढलाच. तिसऱ्या पायरीवरून जो घसरला तो थेट स्वतःच्या गादीवर. उठून बसला आणि ओरडला, “बघितलंत? काही झालं नाही!” लगेच लोक जमले, गाद्यांची चौकशी सुरू झाली. झिगीलाही हसू आवरेना.

पण पुढे एका घड्याळवाल्याने हेच केलं, आणि त्याच्या खाली गादी नव्हती. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत झिगी जमिनीवर बसून त्याचा हात धरून होता. त्यानंतर नियम सांगताना झिगी हसेनासा झाला. पुढे तो सुतारांचा हॉलमधला प्रतिनिधी झाला, तेव्हा एक रीत त्याने कडक पाळली. कोणी स्टॉलवाला शिडीवर चढला की प्रतिनिधीने आपला हातोडा जमिनीवर ठेवायचा. तो ठेवला की शेजारचा सुतार ठेवणार, मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता सगळा हॉल चिडीचूप. ती शांतता ऐकून भलाभला शेटजी खाली उतरायचा.

मला माणसं पायांवरून कळतात. झिगीचा पाय म्हणजे टाच जड, अंगठा सावध. तो चढला की मला निर्धास्त वाटायचं.

झिगी निवृत्त झाला तेव्हा त्याने मला त्याच्या मुलीच्या स्वाधीन केलं. रेनाटाच्या. तीही सुतार, बापाच्याच युनियनमधली. तिचा पाय हलका, पण बापासारखाच सावध. आणि जीभ बापाहून धारदार. दोन वर्षांत तीच प्रतिनिधी झाली. थर्मन म्हणायचा, “एक मालेत्स्की गेला म्हणून केक कापला, तर दुसरी उभी!”

घरी बसलेला झिगी काही गप्प बसणारा नव्हता. त्याने पाकोळ्यांच्या चाळी बांधायला घेतल्या. गंमत नाही करत. आमच्याकडच्या जांभळ्या पाकोळ्या, हे पक्षी माणसांनी बांधून दिलेल्या घरातच बिऱ्हाड थाटतात, तेही घोळक्याने, तेही उंच खांबावर. झिगीने शिकागोच्या तीन मजली घरांसारखी छोटी छोटी घरं केली, मागच्या लाकडी जिन्यासकट. हालिना म्हणाली, “पाकोळी उडते रे, तिला जिना कशाला?” तो म्हणाला, “पाहुणे आले तर?” आणि एका वसंतात बागवाल्यांच्या प्रदर्शनात त्याने स्टॉल घेतला. आमच्याच हॉलमध्ये!

त्या दिवशी सकाळी मी हॉलमधल्या रेनाटाच्या ऑफिसच्या भिंतीला टेकून उभी होते. फोन वाजला, रेनाटाने उचलला. हालिनाचा आवाज असा खणखणीत की फोनची गरजच नव्हती.

“रेनी, बापाला चढू देऊ नकोस गं. हिवाळ्यात दोनदा मागच्या दारच्या पायरीवर मटकन बसला. मला म्हणतो, बर्फ होता. कसला बर्फ? लख्ख ऊन पडलं होतं! डॉक्टर म्हणतात, चक्कर येते, उंचावर जायचं नाही.”

“मग स्टॉल घेऊ का दिलास, आई?”

“किती दिवसांनी शिट्टी वाजवतोय तो! मांडू दे. फक्त चढू देऊ नकोस. आणि म्हातारा झालास असं म्हणालीस ना, तर मुद्दाम चढेल.”

रेनाटाने फोन ठेवला आणि माझ्या पायरीवर कपाळ टेकून क्षणभर उभी राहिली. तिला भीती वाटत होती. बाप पडेल ही एक, आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा होईल ही दुसरी.

झिगीच्या स्टॉलमधला उंच खांब आमच्या सुतारांनी उभा करून दिला होता. वर घर बसवायचं तेवढं राहिलं होतं. एक जण पुढे झाला, पण झिगीने त्याला हाताने मागे सारलं. “खांब उभा केलात, उपकार झाले. घर मी चढवणार. मी बांधलंय ते.” आणि तो सरळ येऊन मला घेऊन गेला. त्याच्या खांद्यावर बसून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रेनाटा वाटेत उभी राहिली.

“मिस्टर मालेत्स्की, तुमच्या छातीवर स्टॉलवाल्याचा बिल्ला आहे.”

“असेल.”

“स्टॉलवाल्यांना शिडीवर चढता येत नाही.”

“रेनी, तू रांगत होतीस तेव्हापासून ही शिडी माझी आहे.”

“होती. आता माझी आहे. आणि कामावर मला रेनी म्हणू नका.”

“माझाच नियम मला शिकवतेस?”

“तुमचाच आहे, म्हणजे पाठ असेल.”

थर्मन वायरचं भेंडोळं घेऊन चालला होता, तो थांबला. “झिगी, ऐक तिचं. ही तुझ्यापेक्षा वाईट आहे.”

“माझ्याच हाताखाली तयार झालीय!”

“म्हणून तर म्हणतोय.”

झिगीने खिशातून युनियनचं कार्ड काढून तिच्या नाकासमोर धरलं. रेनाटाने ते बघितलंसुद्धा नाही. “ते निवृत्तांचं कार्ड आहे, बाबा. त्याच्यावर उन्हाळ्याच्या सहलीला सॉसेज फुकट मिळतं. बाकी काही नाही.”

आजूबाजूचे हसले, आणि तिथेच बिनसलं. झिगीचे कान लाल झाले. त्याने मला खांबाशी उभं केलं, घर काखेत मारलं आणि पाय ठेवला.

पहिली पायरी. तीच जड टाच. दुसरी पायरी. त्याच्या पोटरीत बारीक थरथर होती. अंगठा चाचपडत होता, पायरी कुठे संपते ते त्याला कळत नव्हतं. इतकी वर्षं ज्या पायांवर मी भरवसा ठेवला, ते पाय आता माझ्यावर भरवसा टाकून उभे होते. मला ओरडावंसं वाटलं. पण शिडीला ओरडता येत नाही, फार तर ती करकरते. मी करकरले. त्याने लक्ष दिलं नाही.

रेनाटाने कमरेचा हातोडा काढला आणि जमिनीवर ठेवला.

शेजारच्या गुलाबवाल्याकडे ठोकठोक थांबली. मग पलीकडे. मग लांब, गवत कापायच्या यंत्रांपाशी. हॉलमध्ये एवढी माणसं, आणि कोणी खोकेना. झिगी दुसऱ्या पायरीवर तसाच उभा. ही शांतता त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आयुष्यभर ती त्याने इतरांसाठी घडवली होती. आज ती त्याच्यासाठी होती.

त्याने खाली बघितलं. रेनाटाचे दोन्ही हात माझ्या दांड्यांवर घट्ट आवळलेले होते आणि डोळे भरून आले होते. नियमासाठी कोणी असं रडत नाही. ते त्याला कळलं, हे मला त्याच्या पायांवरून कळलं. थरथर तशीच होती, पण पायातला हट्ट गेला.

तो एकेक पाय चाचपत खाली आला. रेनाटाने त्याला हात दिला नाही, फक्त मला धरून ठेवलं. खाली येऊन झिगी वाकला, हातोडा उचलला आणि तिच्या हातात दिला. “घे. माणसं खोळंबलीत.”

मग तो गेला आणि कामगार मागवायच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिला, डेलियाचे कंद विकणाऱ्या एका माणसाच्या मागे. परत आला तो फणकारतच. “किती वेळ रांगेत! एका खिळ्याच्या कामाला माणसाने किती थांबायचं? ही काय पद्धत झाली?”

थर्मन हसता हसता भेंडोळ्यावरच बसला. “आला! पक्का स्टॉलवाला आला!”

खिडकीने माणूस पाठवला तो म्हणजे रेनाटाच. ती चढली. झिगी खाली कमरेवर हात ठेवून बोट दाखवू लागला, अगदी स्टॉलवाल्यांच्या ज्या बोटांचा त्याला आयुष्यभर तिटकारा होता तसंच.

“डावीकडे. अजून जरा. अगं, तुझं डावं नाही, पाकोळीचं डावं!”

घर बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेनाटा उतरली तेव्हा झिगी तिच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “दुसऱ्या पायरीवर सगळा हॉल गरगरला गं. बरं केलंस.”

“माहीत आहे, बाबा.”

“आईने सांगितलं?”

“हो.”

“तरीच. नियमाचा आडोसा चांगला घेतलास. म्हातारा म्हणाली असतीस तर मी टोकावर जाऊन उभा राहिलो असतो.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हॉलमधले नियम आता खूप सैल झालेत म्हणे. स्टॉलवाले आपापल्या ॲल्युमिनियमच्या शिड्या घेऊन येतात आणि हवं तिथे चढतात. बरं झालं की वाईट, ते माणसांनी ठरवावं. नियमाने लोक वैतागायचे हे मी बघितलं आहे, आणि घड्याळवाल्याचं हाड मोडल्याचा आवाजही ऐकला आहे. लाकडी शिड्या नकोत असंही मधेच ठरलं, तेव्हा रेनाटा मला तिच्या आईबापाच्या घरी सोडून गेली.

आता मी झिगीच्या गॅरेजमध्ये असते. अंगणात खांब आहे, खांबावर पाकोळ्यांची चाळ. पाकोळ्या दक्षिणेला गेल्या की ती उतरवायची, धुवायची, वसंतात पुन्हा चढवायची. इथे बिल्ला नाही, युनियन नाही, हातोडा ठेवणारं कोणी नाही. शेजारी कुंपणावरून म्हणतो, “चढ की झिगी, तुझंच अंगण आहे!”

झिगी चढत नाही. मुलीला फोन करतो. मला अंगणात आणतो, माझे चारही पाय नीट टेकलेत का बघतो, दांडीवर हात ठेवतो आणि वाट बघत उभा राहतो. पाय त्याचे हलतात, पण हात अजून घट्ट आहेत.

जाता जाता तुम्हाला एक विनंती करते. माझ्यावर चढणाऱ्याला हवं तर हसा, पण खाली उभं राहून शिडी धरणाऱ्याला कधी हसू नका.

फाटक वाजलं. रेनाटा आली वाटतं. हलका, सावध पाय.

“बाबा, धरलीस का?”

“धरलीय. चढ तू.”