राखीचा नारळ

वच्छलाबाई समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन खानदेशात, तापीकाठी आली. धाकटा भाऊ राघो वादळात होडीसकट गेला, तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला ती उपास धरी, नारळाच्या शेंडीला राखी बांधी आणि तो तापीत सोडी. तापी शेवटी समुद्रालाच मिळते, एवढाच तिला धीर.

एकोणनव्वद साली नावाडी झुलाल हसून म्हणाला, "अक्का, समुद्रले कसा पोचई? खाले नदीवर मोठं धरण शे. तठला मासा तुमना नारळ खाईसन जाडा व्हई गयात!"

पाण्याकडे गेलेला तिचा हात थांबला.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या राघोचा हात मोकळाच राहिला रे," ती हळूच म्हणाली.

नारळ पदरात घेऊन ती घाटाच्या पायरीवर बसली. दिवेलागण झाली, तरी तिला उपास सोडवेना.