जिन्यात कुठे बसलात?

सिस्टरने भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे टेबलावर रचले आणि आपली निळी वही ॲप्रनच्या खिशात खोल कोंबली. परदेशी पाहुणे प्राध्यापक जिना चढून येत होते. दवाखाना चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट महिनाभर रजेवर.

श्वासाच्या विकारावरचे हे संशोधन दोन देशांचे मिळून होते. पैसा आणि प्रश्न त्यांचे, रोगी आणि पायपीट इकडची. दोन वर्षे सिस्टरने घरोघरी जाऊन बायकांचे फॉर्म भरले. आता इथले धाप लागणाऱ्यांचे आकडे बाकी सगळ्या केंद्रांच्या तिप्पट निघाले, म्हणून प्राध्यापक स्वतः चौकशीला आले होते. काही गडबड आढळली तर हे केंद्र बाद. मग मेहनत पाण्यात, आणि तिच्या बाराशे बायकांना मिळणारी औषधेही बंद. प्रश्न छापल्याप्रमाणेच विचारले एवढेच सांगा, असे दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी तिला सकाळीच बजावले होते.

प्राध्यापक आले ते कपाळ पुसतच. साठी उलटलेला, गुबगुबीत, हसरा माणूस. पाणी पिऊन त्यांनी तेरावा प्रश्न काढला आणि डॉक्टरबाईंकरवी विचारले, हा तुम्ही कसा विचारता?

सिस्टरने खोटे बोलायला तोंड उघडले, पण ते काही जमेना.

"छापलाय तसा विचारते. पण 'धाप लागते का' म्हटलं की सगळ्या नाहीच म्हणतात. आपण थकलो, हे कोण कबूल करणार? मग मी माझ्या पद्धतीनं विचारते आणि फॉर्मवर ते उत्तर लिहिते."

डॉक्टरबाईंनी क्षणभर डोळे मिटले. भाषांतर मात्र प्रामाणिक केले. प्राध्यापकांचे हसू मावळले. तो प्रश्न त्यांनी स्वतः तयार केला होता आणि कुठेच त्याची तक्रार आली नव्हती.

सिस्टरने एक कोरा फॉर्म पुढे ओढला. सरांना धाप लागते का, एवढे विचारा म्हणाली. अजिबात नाही, असे उत्तर आले. तिने 'नाही'वर खूण केली.

"आणि आत्ता वर येताना जिन्यात कुठे बसलात?"

प्राध्यापकांनी खिडकीकडे पाहिले, मग बुटांकडे.

"दुसऱ्या मजल्यावर," डॉक्टरबाईंनी हसू दाबत भाषांतर केले. "मग तिसऱ्या."

सिस्टरने निळी वही काढली. बाराशे बायका, दोन रकाने: छापील प्रश्नाचे उत्तर आणि तिच्या प्रश्नाचे. प्राध्यापक बराच वेळ पाने उलटत राहिले. मग उठले, टेबलाला वळसा घालून रोग्याच्या स्टुलावर येऊन बसले आणि आपले पेन त्यांनी तिच्यासमोर ठेवले.

"बाकीचे प्रश्न तुम्ही कसे लिहाल, असं विचारतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवी प्रश्नावली दोघांच्या नावानं काढू म्हणतात."

सिस्टरने पेन घेतले, टोपण काढले आणि पुन्हा लावले.

"लिहू की. पण आधी सरांची छाती तपासून घेऊ."