ओहळाच्या तोंडावर रोखलेल्या तोफा

पोशेऱ्याच्या रघ्याने माळ फोडून खाचरे काढली. रघ्याच्या मुलाने, जिवाने, त्या खाचरांना दगडी बांध घातले. जिवाचा मुलगा सोम्या याला ती फार वर्षे कसता आली नाहीत. दाभोशाच्या नदीला पूर आला असता त्याने तिथल्याच बारक्या नावाच्या माणसाला काठावर ढकलले आणि स्वतः पाण्याबरोबर गेला. सोम्याचा मुलगा जगन पायदळात हवालदार झाला. यंदाच्या उन्हाळ्यात रजा मिळताच तो पोशेऱ्याला न जाता जव्हारहून थेट दाभोशाच्या जीपमध्ये बसला.

बारक्याचा मुलगा धनेश जगनच्याच कंपनीत होता. सीमेवरच्या चौकीवर हल्ला झाला, त्यात तो गेला. हल्ल्यात गेला एवढेच घरी कळले होते. कोणाच्या गोळ्याने, ते कळले नव्हते. ते जगन सांगणार होता. त्याला क्षमा नको होती. सांगितल्यावर बारक्याचे घर आपले राहते की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

बारक्या आणि त्याची बायको माघी, दोघे खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या तयारीत होते. शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, वर मातीचा हात. आग शेजारच्या गवतात शिरू नये म्हणून बारक्या भोवतीची पट्टी झाडून काढत होता.

"आला का हवालदार!" माघीने मान वर न करताच म्हटले. "पोराला आणला तवा पलटणीची गाडी आली, साहेब आले. तू कुठं दडला होतास?"

"रजा नव्हती मिळाली, काकी."

"मरायला मिळते रजा. मातीला यायला नाय मिळत, होय ना?"

हे लागायला हवे होते, असे जगनच्या मनात आले. पण मुंग्या आलेल्या पायावर कोणी हात ठेवावा, तसे ते शब्द बाहेरच राहिले.

तो बांधावर बसला आणि वरिष्ठांपुढे अहवाल द्यावा तशा आवाजात बोलू लागला.

"काकी, चौकी धरून बसलो की एक जागा आधी ठरवतात. चौकीच्या काटेरी तारेच्या अगदी पुढं, आपल्याला झळ लागेल इतकी जवळ. मागच्या उखळी तोफांना दुसरं काम नसलं की त्यांच्या नळ्या त्याच जागेवर रोखलेल्या असतात, गोळे बाजूला तयार. त्याला एसओएस म्हणतात. शत्रू अंगावर आला, दुसरं काही उरलं नाही, की इशारा द्यायचा. मग कोणी विचारत बसत नाही. तोफा सुटतात."

"ती जागा कोणी ठरवली?" माघीने विचारले.

"मी आणि कंपनी कमांडरनं. पण दाखवली धनेशनं. ओहळाचं तोंड. म्हणाला, 'जगनदादा, मला वर यायचं असतं तर मी इथूनच आलो असतो. डोंगरातला माणूस पाण्याची वाट सोडतो व्हय?' आम्ही हसलो. साहेबांनी तीच जागा धरली."

झाडूचा आवाज थांबला.

"धनेश पुढच्या टेहळणीवर होता. त्याला परत यायला पांढरी फीत लावलेली वाट होती, लांबची, वळसा घालून. उजाडताना हल्ला झाला. त्यानं वायरलेसवर सांगितलं, 'निघालो.' शत्रू ओहळातून तारेपर्यंत आला. साहेबांना गोळी लागली होती. इशारा माझ्या हातात होता."

"आणि पोरगं?"

"वळसा घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. आपल्यातला कोण घेतो? ओहळानंच येणार."

"ठाऊक होतं," माघी म्हणाली.

"होय. थांबलो, काकी. थांबता आलं तेवढा थांबलो. आत सगळी कंपनी होती. मग इशारा दिला. गोळा आपलाच होता."

माघीच्या हातातली फांदी हातातच राहिली. तिने विचारले, "हाक मारली त्यानं?"

"तोफांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं."

"मारली असंल," ती म्हणाली आणि फांदी राबावर नीट आडवी ठेवून ती खाली बसली.

बारक्या बांधापाशी आला. नवऱ्याकडे न पाहता माघी म्हणाली, "बोल की आता काही. इतकी वर्षं ह्याच्या बापाचं देणं म्हणून उरावर घेतलंस."

"घेतलं," बारक्या म्हणाला. "सोम्यानं मला काढला आणि आपण गेला. जगन, तुझ्या आयेची भाताची लावणी मी केली, घर शाकारलं, तुला शाळेत पोचवला. तिनं कधी मागितलं नाय. पण माणसाच्या बदल्यात लावणी व्हते का? रोज उठलो की वाटायचं, अजून बाकी हाय."

"काका, तुम्ही माझं काही देणं लागत नाही."

"आता नाय लागत." बारक्याने कमरेची काडेपेटी काढली. वारा कुठला आहे ते पाहिले आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला काडी लावली. आग हळूहळू, जमिनीला धरून पुढे सरकू लागली. "तुमच्या घरचा एक माझ्यापायी गेला. माझ्या घरचा एक तुमच्यापायी गेला. तुझ्याच हातानं गेला."

"काका, मला दोन शिव्या द्या. मारा. पण असं बोलू नका."

"शिव्या आपल्या माणसाला देतात."

जगन उभा राहिला. आपल्याला काही होते आहे का, हे तो आत चाचपत राहिला. तिथे काही नव्हते. तापलेल्या मातीचा वास येत होता. माघीने पदर नाकाला लावला आणि तोंड फिरवले.

"जीप जाईल तुझी," बारक्या झाडू उचलत म्हणाला. "फिटलं, जगन. सगळं फिटलं."